सोलापूरच्या झाडांची राखण

सोलापूरच्या जमिनीत झाड आपसूक वाढत नाही. वर्षाकाठी सरासरी सहा-सातशे मिलिमीटर पाऊस, त्यातही मोठा वाटा ऑगस्ट-सप्टेंबरचा. जूनमध्ये चार सरी येतात, लोक हौसेनं रोपं लावतात आणि मग पाऊस दडी मारतो. मार्चपासून ऊन चढायला लागतं, ते मे महिन्यात पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसवर नेऊन ठेवतं. जमीन कुठे उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी काळी, तर कुठे वीतभर मातीखाली मुरूम आणि त्याखाली कातळ. इथे कुणी न लावता फोफावते ती वेडी बाभूळ. बाकी ज्या लिंबाखाली दुपारी रिक्षावाले गाडी लावून डुलकी काढतात, त्याला कधीकाळी कुणीतरी घागरभर पाणी घातलेलं असतं, त्याच्यावरची शेळी हाकललेली असते.

तेव्हा शहरातली झाडं टिकवायची म्हणजे कोणत्या टप्प्यावर काय करायचं, ते क्रमानं पाहू. रोप लावतानाचा फोटो हा या सगळ्यातला सर्वांत सोपा आणि सर्वांत कमी महत्त्वाचा टप्पा, हे माझं मत आधीच सांगून टाकतो. राज्यात २०१६ साली दोन कोटी, मग चार, मग तेरा आणि २०१९ साली तेहतीस कोटी झाडांचे संकल्प सोडले गेले. आकडा लावण्याचा असला की खड्डे मोजले जातात. पुढचे उन्हाळे मोजायला माणूस त्याच गल्लीतला लागतो.

आधी जागा. शहराबाहेरचं मोकळं माळरान पाहिलं की उत्साही मंडळींचे हात शिवशिवतात. पण हे माळ रिकामे नाहीत. सोलापूरपासून वीसेक किलोमीटरवर नान्नजला १९७९ साली माळढोकसाठी अभयारण्य झालं, ते इथल्या गवताळ माळामुळेच. माळढोक, काळवीट, लांडगा, खोकड, चंडोल ही सगळी उघड्या गवतावर जगणारी मंडळी. तिथे सुबाभूळ किंवा ग्लिरिसिडिया दाटीनं लावली की गवत संपतं आणि ही मंडळीही हटतात. ‘ओसाड माळ हिरवा केला’ अशी बातमी वाचली की मला आधी धास्तीच वाटते. सावलीची गरज माणसांना आहे, म्हणून झाडं माणसांच्या वस्तीत लावावीत: रस्त्याच्या कडेला, शाळेच्या आवारात, सोसायटीच्या खुल्या जागेत, नाल्याच्या काठानं.

वस्तीतही तीन गोष्टी पाहून घ्यायच्या. वर विजेच्या तारा आहेत का, खाली जलवाहिनी किंवा ड्रेनेज आहे का, आणि विकास आराखड्यात त्या रस्त्याच्या रुंदीकरणाची रेषा कुठून जाते. तिसरी गोष्ट महापालिकेच्या नगररचना विभागात विचारली तर कळते, पण विचारायला कुणी जात नाही. मग पंधरा वर्षं वाढवलेलं झाड रुंदीकरणात जातं आणि मोहल्ला हळहळतो. जागा कुणाची, महापालिकेची, बांधकाम खात्याची, रेल्वेची की सोसायटीची, हेही आधीच माहीत असलेलं बरं. पुढे पत्र लिहायची वेळ आली की पत्ता शोधण्यात दिवस जात नाहीत.

शहरात तयार जंगलं अगदीच नाहीत असं नाही. विजापूर रस्त्याला धर्मवीर संभाजी तलावाच्या परिसरातलं स्मृती उद्यान आहे, वनखात्याचं सिद्धेश्वर वनविहार आहे. सकाळी फिरायला येणारे आणि गळ्यात दुर्बीण अडकवून हिंडणारे पक्षीमित्र हे अशा जागांचे बिनपगारी पहारेकरी असतात. वाळलेल्या गवताला कुणी काडी लावली, कोपऱ्यात राडारोड्याचा ट्रॅक्टर रिकामा झाला, तर पहिली खबर त्यांच्याकडूनच जायला हवी. पुण्यात वारज्याच्या उजाड टेकडीवर लोक, संस्था आणि वनखातं यांनी मिळून असंच जंगल उभं केलं. ५ जून २०२० रोजी केंद्र सरकारनं दोनशे शहरांसाठी ‘नगर वन’ योजना जाहीर केली, तेव्हा उदाहरण म्हणून वारजेच पुढे ठेवलं होतं.

झाड कोणतं, यावर फार वाद घालायचं कारण नाही. सोलापूरच्या उन्हात पिढ्यान् पिढ्या टिकलेली नावं सगळ्यांना पाठ आहेत: लिंब, चिंच, करंज, शिरीष, भोकर, आपटा, पळस. मोठी मोकळी जागा असेल तर वड, पिंपळ, उंबर. अरुंद रस्त्याला बहावा किंवा आपटा. गुलमोहर दिसायला देखणा, पण मूळचा मादागास्करचा, मुळं उथळ आणि लाकूड ठिसूळ. वळवाच्या वाऱ्यात गाड्यांवर कोसळणाऱ्या झाडांत तो पुढे असतो. आणि रस्त्यांच्या दुभाजकात भराभर वाढतं म्हणून जिकडेतिकडे लावलेल्या कोनोकार्पसवर गुजरात सरकारनं २०२३ साली बंदी आणली, हेही लक्षात असू द्यावं. भराभर वाढणं हा झाडाचा गुण आहे असं कंत्राटदाराला वाटतं, कारण त्याचं बिल लवकर निघतं.

आता खड्डा. दोन-अडीच फूट लांब, तेवढाच रुंद, तेवढाच खोल, आणि तो मे महिन्यातच खणून उन्हात तापू द्यायचा. खाली मुरूम लागला की पहारीनं फोडायचा. वरवर उकरून रोप ठेवलं तर मुळं आतल्या आत गोल फिरत राहतात आणि चौथ्या-पाचव्या वर्षी झाड मुकाट्यानं माना टाकतं. निघालेला मुरूम बाजूला ठेवून भरायला तलावातला गाळ किंवा पोयट्याची माती, शेणखत आणि वाळवी लागू नये म्हणून दोन मुठी निंबोळी पेंड. रोप शक्यतो सहा फुटी, म्हणजे शेळीचं तोंड शेंड्याला पोचत नाही. लावताना प्लॅस्टिकची पिशवी ब्लेडनं उभी कापून काढायची. सांगायला संकोच वाटावा इतकी साधी गोष्ट, पण पाहुण्यांच्या गर्दीत पिशवीसकट पुरलेली रोपं मी भरपूर पाहिली आहेत.

आधाराला बांबू, आणि बांधायला तार किंवा सुतळी नको, ती सालीत रुतते. सोलापूरकरांना या बाबतीत काही विकत आणायचं कारण नाही. यंत्रमागाच्या कारखान्यांत सुती चिंध्या असतात, घरात जुनी चादर असते. दोन बोटं रुंदीची पट्टी फाडायची, खोड आणि बांबू यांच्यामध्ये इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा तिढा द्यायचा आणि गाठ बांबूच्या बाजूला मारायची. खोड वाऱ्यानं थोडं हललं पाहिजे, त्यानंच ते जाड होतं.

मग आळं. खोडाला खेटून मातीचा ढीग लावतात तो चूक, त्यानं साल कुजते. खोडापासून दीड फुटावर मातीची गोल कड करायची, आत उसाचं पाचट किंवा वाळका पाला वीतभर पसरायचा, पण खोडाभोवती चार बोटं जागा मोकळी सोडायची. पाचटाखालची माती चौथ्या दिवशी बोट खुपसून पाहा, ओल हाताला लागते. उघड्या आळ्यातलं पाणी दुसऱ्या दिवशीच उडालेलं असतं.

झाड लावल्यानंतरचे पहिले तीन उन्हाळे निर्णायक. पहिल्या उन्हाळ्यात दर तीन-चार दिवसांनी दहा-पंधरा लिटर, दुसऱ्यात आठवड्याला एकदा पण बादली मोठी, तिसऱ्यात पंधरवड्यानं भरपूर. हळूहळू अंतर वाढवायचं, म्हणजे मुळं पाण्याच्या शोधात खोल उतरतात. रोज थोडं थोडं शिंपडणारा माणूस झाडाला वरवरच्या ओलीची सवय लावतो आणि आठ दिवस गावी गेला की झाड वाळतं.

इथे सोलापूरकर विचारणार, पाणी आणायचं कुठून? कित्येक भागांत नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं, पिंपं भरून ठेवावी लागतात. उत्तर त्या पिंपातच आहे. नळ आला की आपण ताजं भरण्याआधी तळाचं शिळं पाणी मोरीत ओततो. तेच आळ्यात जाऊ द्यावं. नळाचं वेळापत्रक आणि पहिल्या उन्हाळ्यातल्या झाडाची गरज जवळजवळ जुळते. एसीचं पाणी चालतं. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातून बाहेर पडणारं पाणी क्षारांचं असतं, ते सतत घातलं तर काळी माती आणखी बिघडते. म्हणून ते साध्या पाण्यात मिसळून आणि अधूनमधूनच घालावं.

एक झाड एका माणसाला दत्तक द्यायची पद्धत मला पटत नाही. मे महिन्यात तो माणूस लग्नाला जातो, मुलांना घेऊन गावी जातो, आणि नेमके तेच दिवस झाडाच्या जीवन-मरणाचे असतात. एका झाडाला दोन-तीन शेजारची घरं जोडून द्यावीत. कोणी कधी पाणी घालायचं हे जिन्यातल्या फळ्यावर लिहून ठेवावं. लोखंडी जाळी लावली असेल तर ती चौथ्या-पाचव्या वर्षी काढण्याची तारीखही तिथेच लिहावी, नाहीतर जाळी खोडात घुसते आणि राखायला लावलेली वस्तूच झाडाचा गळा आवळते.

नव्या रोपाकडे निदान लक्ष जातं. मोठ्या झाडांचे हाल बिनबोभाट होतात. पदपथ करताना पेव्हर ब्लॉक आणि सिमेंट थेट बुंध्यापर्यंत नेलं जातं. मुळांना पाणी मिळत नाही, हवा मिळत नाही, आणि पुढच्या वादळात झाड पडलं की ‘जुनं झालं होतं’ असा शेरा. राष्ट्रीय हरित लवादानं दिल्लीतल्या प्रकरणात २३ एप्रिल २०१३ रोजी झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं सिमेंट काढायला सांगितलं होतं. आपल्या गल्लीचं काम चालू असताना कनिष्ठ अभियंत्याला हा दाखला द्यावा आणि ओलं सिमेंट पडण्याआधी एवढी जागा सोडून घ्यावी. नंतर फोडायला कुणी येत नाही.

खिळ्यांचंही तसंच. क्लासच्या पाट्या, भाड्याच्या खोल्यांच्या जाहिराती, रोषणाईच्या माळा, सगळं खोडात ठोकलेलं. पुण्यात २०१८ साली ‘अंघोळीची गोळी’ या संस्थेनं खिळेमुक्त झाडांची मोहीम सुरू केली आणि ती बघता बघता इतर गावांत पोचली, कारण तिला लागतं काय, तर एक पक्कड, एक शिडी आणि रविवारची सकाळ. खिळा हिसकून काढायचा नाही. पकडीखाली लाकडाचा ठोकळा ठेवून सरळ ओढायचा, म्हणजे साल सोलवटत नाही.

छाटणीबद्दल मात्र जरा थांबून सांगतो, कारण पावसाळ्याआधी तारांसाठी होणारी छाटणी झाडाला एका बाजूनं बोडकं करून सोडते. मग त्याचा तोल जातो. जाड फांदी तोडायची रीत तीन कापांची. पहिला काप खोडापासून फूटभर अंतरावर, फांदीच्या खालून, थोडासाच. दुसरा त्याच्या जरा पुढे वरून, म्हणजे फांदी आपल्या वजनानं खाली येते, पण खोडाची साल ओरबाडून नेत नाही. तिसरा काप उरलेल्या खुंटाचा, खोडाजवळच्या फुगीर कंगोऱ्याच्या बाहेरून. हा कंगोरा शाबूत राहिला तर जखम झाड स्वतःच भरून काढतं. आणि झाडावर घरटी असतील तर काम थांबवायचं; वन्यजीव संरक्षण कायद्यानं अंडी आणि घरटी यांनाही संरक्षण आहे.

आता कायदा. त्याचं पूर्ण नाव महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५. त्यानुसार महापालिकेत वृक्ष प्राधिकरण असतं, आयुक्त त्याचे अध्यक्ष. दर पाच वर्षांनी वृक्षगणना करणं हे त्याचं कर्तव्य. ‘झाड तोडणे’ याची व्याख्या या कायद्यात चांगली रुंद आहे: कापणं, जाळणं किंवा कोणत्याही प्रकारे झाडाला इजा करणं. म्हणजे बुंध्याशी कचरा पेटवणं किंवा छाटणीच्या नावाखाली नुसता खुंट ठेवणं, हेही त्यात आलं.

कुणी झाड तोडायला अर्ज केला की वृक्ष अधिकाऱ्यानं जागेवर जाऊन पाहणी करायची, स्थानिक वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यायची आणि त्या झाडावर दर्शनी भागी नोटीस चिकटवायची. हरकत आली तर ती प्राधिकरणापुढे जाते, सुनावणी होते आणि निकाल लागेपर्यंत झाडाला हात लावता येत नाही. परवानगी मिळाली तरी पंधरा दिवस थांबावं लागतं. खरोखर धोकादायक, मेलेल्या किंवा वादळात उन्मळलेल्या झाडाला अर्थात सवलत आहे, आणि तिचाच आडोसा घेतला जातो, म्हणून फोटो हवेत.

तर झाडावर कागद दिसला की काय करायचं? कागदाचा आणि पूर्ण झाडाचा तारखेसह फोटो घ्या. छातीच्या उंचीवर, साधारण साडेचार फुटांवर, टेपनं घेर मोजा. जात, घेर, घरटी, खोड पोकळ आहे की निरोगी, आणि झाड वाचवून काम कसं होऊ शकेल, एवढं साध्या कागदावर लिहा. नोटिशीत दिलेल्या मुदतीत तो उद्यान विभागात द्या आणि पोच घ्या. पोच नसलेली हरकत ही फक्त तक्रार असते. कागद न लावताच करवत चालू असेल, तर परवानगीचं पत्र जागेवर दाखवायला सांगा.

कायद्यात २०२१ साली झालेल्या दुरुस्तीनं आणखी एक हत्यार दिलं. पन्नास वर्षांवरचं झाड ‘हेरिटेज’ धरलं जातं. झाड तोडल्यास त्याच्या वयाएवढी झाडं लावायची आणि सात वर्षं जगवायची, अशीही अट आली. साठ वर्षांच्या चिंचेमागे साठ रोपं! त्यामुळे झाडाचं वय हा आता वादाचा मुद्दा ठरतो, आणि वय सिद्ध करणारा पुरावा बहुधा लोकांकडेच असतो. शाळेच्या जुन्या गटफोटोत मागे उभं असलेलं झाड, आजीचा लग्नातला फोटो, घराच्या जुन्या नकाशावरची खूण. सोलापूरच्या पेठांतून आणि रेल्वे लाइन्सच्या जुन्या आवारांतून असे फोटो गोळा करून ठेवायला हवेत, नोटीस लागण्याच्या आधीच.

वेळेचं महत्त्व दोन प्रसंगांतून कळतं. मुंबईत आरेमध्ये ऑक्टोबर २०१९ मध्ये रात्रीतून करवती चालल्या, आणि ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयानं तोड थांबवली तोवर दोन हजारांहून जास्त झाडं पडली होती. दुसरा प्रसंग सोलापूरवरून जाणाऱ्या रत्नागिरी–नागपूर महामार्गावरचाच. मिरज तालुक्यातल्या भोसे गावी सुमारे चारशे वर्षांचा मानला जाणारा वड रस्त्याच्या आड येत होता. जुलै २०२० मध्ये गावकरी आणि वृक्षप्रेमी करवत येण्याआधीच त्याच्याखाली जमले, विषय मंत्र्यांपर्यंत गेला आणि रस्त्याची आखणी बदलली. ‘पुनर्रोपण करू’ या आश्वासनावर मात्र फार विसंबू नये. वड, पिंपळ, उंबर हलवले तर जगू शकतात. लिंब आणि चिंच यांचं सोटमूळ तुटलं की आशा कमी.

राखण म्हटली की तिला सणाची जोड लागते, नाहीतर ती नुसती कटकट होते. गंमत म्हणजे याच कायद्यानं प्राधिकरणावर वर्षातून एकदा फुला-फळांचं, झाडांचं प्रदर्शन भरवण्याचीही जबाबदारी टाकली आहे. नागरिकांनी तिची आठवण करून द्यायला हरकत नाही. बीडजवळ पालवणला फेब्रुवारी २०२० मध्ये वृक्षसंमेलन भरलं, त्याचं अध्यक्षपद वडाला दिलं होतं. अभिनेते सयाजी शिंदे यांच्या पुढाकारानं झालेल्या त्या संमेलनाला माणसं लोटली. सोलापुरात चैत्रात बहावा फुलतो, तेव्हा ओळखीची झाडं दाखवत फिरणारी सकाळची फेरी काढता येईल. वटपौर्णिमेला बाजारातून वडाची फांदी आणण्याऐवजी चार पावलं चालून झाडाकडेच जावं. दसऱ्याला आपट्याची झाडं ओरबाडून निघतात. त्या दिवशी सोनं म्हणून एखाद-दुसरं पान पुरे.

पण सोलापूरला शोभेल असा झाडाचा सण म्हणाल तर निंबोळ्यांचा. जून-जुलैत लिंबाखाली पिवळ्या निंबोळ्यांचा सडा पडतो. पोरांना पिशव्या देऊन त्या वेचायला लावाव्यात, पाण्यात चोळून गर काढावा, बिया सावलीत सुकवाव्यात. लिंबाचं बी फार दिवस टिकत नाही. दोन-तीन आठवड्यांत त्याची उगवण झपाट्यानं घटते. म्हणून डब्यात भरून ठेवू नका. दुधाच्या रिकाम्या पिशव्यांना तळाला भोकं पाडा, माती-शेणखत भरा आणि त्याच आठवड्यात पेरा. पुढच्या पावसाळ्यात गल्लीला पुरतील एवढी रोपं घरच्या घरी तयार होतील. मात्र खड्डे त्याआधीच्या मे महिन्यात खणून ठेवा.